तंजावरची अचाट गणती

चोळ सम्राट पहिल्या राजराजाच्या कारकुनांनी हजार वर्षांपूर्वी शेतजमिनीच्या हिशेबात एक अपूर्णांक वापरला. त्याचा अंश १ आणि छेद ५२,४२,८८,००,०००. म्हणजे बावन्न अब्ज बेचाळीस कोटी अठ्ठ्याऐंशी लाख. जमीन मोजण्याचे तिथले माप होते वेली, आणि एक वेली म्हणजे साधारण ६.६ एकर. एवढ्या जमिनीचे बावन्न अब्जांहून जास्त तुकडे केले, तर एका तुकड्याचे क्षेत्रफळ भरते जेमतेम अर्धा चौरस मिलिमीटर. टाचणीच्या डोक्याखाली असा तुकडा सहज झाकून जाईल. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला लावून दिलेल्या गावांच्या हिशेबात असे सूक्ष्म अपूर्णांक दगडावर कोरलेले आहेत.

बांधावर काठी घेऊन अर्धा चौरस मिलिमीटर कोणी मोजत नव्हते, हे उघड आहे. हा आकडा तमिळ अंकगणितातून आला. वेलीचा विसावा भाग मा, ऐंशीवा भाग काणी आणि तीनशेविसावा भाग मुंतिरी. त्याहून बारीक हिशेब लागला की मुंतिरीचेच पुन्हा ३२० भाग करायचे, त्या भागाचे पुन्हा ३२०. ३२० हा आकडा चार वेळा घेऊन गुणाकार केला आणि त्याची पाचपट केली की नेमके ५२,४२,८८,००,००० येतात. गावाच्या एकूण जमिनीतून गावठाण, देवळे, तळी, गावातून जाणारे पाट, कारागिरांची वस्ती, अस्पृश्य मानल्या गेलेल्या परैयांची वस्ती आणि स्मशान यांची जागा वजा करायची, उरलेल्या जमिनीवर सारा बसवायचा. ही वजाबाकी शेवटच्या अपूर्णांकापर्यंत नेण्याचा हट्ट त्या कारकुनांनी धरला होता.

हा हट्ट समजून घ्यायचा तर कावेरीचा त्रिभुज प्रदेश समजून घ्यावा लागतो. तंजावरच्या वैभवाचे श्रेय आपण सुपीक मातीला आणि उदार नदीला देऊन मोकळे होतो. तिथले आकडे पाहिले की माझे मत ठाम होते: हे वैभव मोजण्यातून उभे राहिले आहे. माती आणि पाणी होतेच. ते भाताच्या कणसापर्यंत नेले ते हिशेबाने.

किलोमीटरला मीटरभरही उतार नाही

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२७६ मीटर उंचीवर, तलकावेरी येथे नदीचा उगम आहे. तिथून बंगालच्या उपसागरापर्यंत तिचा प्रवास सुमारे ८०० किलोमीटरचा आणि खोरे ८१,१५५ चौरस किलोमीटरचे. उंचीचा जवळजवळ सगळा उतार ती वाटेतच संपवते. तंजावर शहर समुद्रसपाटीपासून साठेक मीटरच उंच आहे आणि पूर्वेला नागपट्टिणमचा समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर. म्हणजे एका किलोमीटरला मीटरभरही उतार पडत नाही.

इतक्या सपाट जमिनीवर पाणी आपणहून कुठे जाणार हे सांगता येत नाही. वीतभर गाळ साचला तरी प्रवाह दिशा बदलतो. एका शेताचा बांध चार बोटे वाढला की शेजारचे शेत कोरडे पडते किंवा बुडते. तिरुच्चिरापल्लीच्या पश्चिमेला मुक्कोंबु येथे नदीचे दोन फाटे होतात. उत्तरेचा कोळ्ळिडम, दक्षिणेचा कावेरी. दोन्हींच्या मधल्या बेटावर श्रीरंगम वसले आहे. पुढे पूर्वेला दोन्ही प्रवाह पुन्हा अगदी जवळ येतात, आणि तिथेच खरी अडचण उभी राहते. कोळ्ळिडमचे पात्र खोल आहे, समुद्राकडे जाणारी त्याची वाट सरळ आहे. मोकळे सोडले तर कावेरीचे पाणी त्या पात्रात उतरून थेट समुद्रात जाईल आणि दक्षिणेकडची लाखो एकर जमीन तहानलेली राहील.

त्याच जागी कल्लणै हा बांध उभा आहे. ३२९ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ५.४ मीटर उंच. परंपरेने त्याचे श्रेय करिकाल चोळाकडे जाते, आणि काळ साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा मानला जातो. पायासाठी खाली खडक नाही, नुसती वाळू. मोठमोठे दगड वाळूत टाकायचे, ते रुतू द्यायचे, त्यांवर आणखी टाकायचे आणि रुतणे थांबले की वर बांधकाम चढवायचे, अशी ती पद्धत. या बांधाने भिजणारे मूळ क्षेत्र सुमारे ६९,००० एकर होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते दहा लाख एकरांपर्यंत पोहोचले होते.

मधली मोठी उडी एकोणिसाव्या शतकातली. १८३०च्या आसपास कावेरीचे पात्र गाळाने भरत चालले होते, कोळ्ळिडम अधिकाधिक पाणी ओढून घेत होता आणि तंजावरची शेती सुकू लागली होती. आर्थर कॉटन या तरुण अभियंत्याने १८३६ साली मुक्कोंबुला कोळ्ळिडमच्या तोंडावर बांध घातला. वाळूत पाया कसा घ्यावा हे आपण कल्लणैच्या बांधणाऱ्यांकडून शिकलो, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. पुढे गोदावरीवर धवळेश्वरम येथे त्याने जे प्रचंड काम केले, त्याला कावेरीवरचाच अनुभव कामी आला. मुक्कोंबुच्या या जुन्या बांधाची नऊ दारे २२ ऑगस्ट २०१८ रोजी पुरात वाहून गेली. पुढे तिथे नवा बांध उभारावा लागला.

एक टीएमसी म्हणजे किती?

कावेरीच्या वादाच्या बातम्यांत टीएमसी हा शब्द इतका येतो की त्याची प्रचंडता कानांना जाणवेनाशी झाली आहे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, अर्थात २,८३१ कोटी लिटर. दारे उघडून ११,५७४ क्युसेक वेगाने चोवीस तास पाणी सोडत राहिले, तर एक टीएमसी पाणी जाते.

आता भाताकडे वळू. भाताच्या एका पिकाला सुमारे १.२ मीटर उंचीचा पाण्याचा थर लागतो असे धरले, तर एक टीएमसीत सुमारे ५,८०० एकर भात निघतो. दहा लाख एकरांना एका पिकासाठी १७२ टीएमसी लागतील. यातला काही वाटा पाऊस उचलतो, काही पाणी पाटांत मुरते आणि वाफ होऊन जाते. पण आकड्याचा आवाका कळायला हा ढोबळ हिशेब पुरे.

आता हे पाणी साठवायचे कुठे? तमिळनाडूतले मेट्टूर धरण १९३४ साली पूर्ण झाले. त्याची पूर्ण पातळी १२० फूट, साठा ९३.४७ टीएमसी. आपल्या कोयनेच्या साठ्याहून हे थोडे कमीच. परंपरेप्रमाणे १२ जूनला मेट्टूरची दारे त्रिभुज प्रदेशासाठी उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. मधले दिवस होतात २३०. काठोकाठ भरलेले मेट्टूर रोज एक टीएमसी सोडू लागले, तर ते ९३ दिवसांत रिते होईल. म्हणून धरण भरलेले असून भागत नाही. हंगाम चालू असताना ते पुन्हा भरावे लागते. कोडगूच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबरात पडलेला पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावर बरसणारा ईशान्य मोसमी पाऊस, या दोन्हींच्या सांध्यावर तिथले शेत उभे असते. जूनमध्ये पेरले जाणारे कमी दिवसांचे कुरुवै, ऑगस्टच्या सुमाराचे लांब मुदतीचे सांबा आणि कुरुवै कापून झाल्यावर त्याच शेतात घेतले जाणारे ताळडी, अशी भाताची तीन नावे तिथे घरोघरी ऐकू येतात. मेट्टूरची दारे वेळेवर उघडली नाहीत तर पहिला घाव बसतो कुरुवैवर.

कावेरी पाणीवाटप लवादाने २००७ साली खोऱ्यातले एकूण पाणी धरले ७४० टीएमसी. त्यातले तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३०, पुदुच्चेरीला ७. पर्यावरणासाठी १० आणि अटळपणे समुद्रात जाणारे म्हणून ४. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ आणि कर्नाटकाचा २८४.७५ केला. दोन्ही राज्यांच्या सीमेवर बिळिगुंडलू येथे कर्नाटकाने वर्षाला सोडायचे पाणी १९२ वरून १७७.२५ टीएमसीवर आले. या बेरजेत समुद्राच्या वाट्याला आलेल्या चार टीएमसीकडे पुन्हा एकदा पाहा. एकूण पाण्याचा तो जेमतेम एकशेपंच्याऐंशीवा भाग आहे. पूंपुहारला सागराला मिळताना कावेरी इतकी अरुंद का दिसते, याचे उत्तर या आकड्यात आहे. तिला वाटेत शेतोशेती वाटून टाकलेले असते.

दिवसाला पन्नास टन दगड

त्रिभुज प्रदेशात दगड नाही. हजारो वर्षे नदीने आणून टाकलेला गाळ आणि वाळू, एवढीच तिथली जमीन. अशा जागी राजराजाने सुमारे साठ मीटर उंचीचे, तेरा तलांचे विमान असलेले ग्रॅनाइटचे मंदिर बांधले. त्याच्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, २७५व्या दिवशी, म्हणजे १०१० साली, शिखरावर बसवायचा तांब्याचा कलश राजाने अर्पण केला. शिलालेखात दिवसाचीही अशी नोंद आहे.

या मंदिराला १,३०,००० टन ग्रॅनाइट लागला असावा, असा अंदाज नेहमी दिला जातो. बांधकामाला सुमारे सात वर्षे धरली, तर २,५५६ दिवस होतात. म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज ५० टनांहून जास्त दगड बाहेरून आणायचा, घडवायचा आणि वर चढवायचा. आणणाऱ्यांना खायला भात लागतो. बैलांना पेंढा लागतो. गावोगावचा वाढावा किती आणि तो केव्हा मिळेल हे आधी कळल्याशिवाय असे काम हाती घेता येत नाही. सन १००१च्या सुमारास राजराजाने राज्यातल्या जमिनीची मोजणी केली आणि त्यानंतरच्या दशकात हे मंदिर उभे राहिले.

मंदिराच्या भिंतींवरचा एक शिलालेख नर्तकींचा आहे. ठिकठिकाणच्या देवळांतून आणून तंजावरला वसवलेल्या ४०० जणी. प्रत्येकीचे नाव, ती कुठल्या देवळातून आली, कुठल्या गल्लीत, कितव्या घरात राहते, हे सगळे कोरलेले आहे. प्रत्येकीला एक वाटा, वाट्याचे वर्षाला १०० कलम (धान्याचे तिथले माप) भात. नुसत्या नर्तकींचे झाले ४०,००० कलम. पुढे नृत्यगुरू, वादक, हिशेबनीस, शिंपी, सुतार, कुंभार, परीट यांचे वाटे आहेत. वाटेकरी मेला किंवा गाव सोडून गेला तर त्याच्या जवळच्या लायक नातलगाला वाटा मिळावा, लायक नसेल तर त्याने दुसरा लायक माणूस निवडून द्यावा, हेही लिहून ठेवले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या ४०० सामान्य स्त्रियांची नावे आणि घरांचे क्रमांक आपल्याला आज वाचता येतात. इतिहासात असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

या एका मंदिरावर तिथली गणती संपत नाही. तेवारम या शैव स्तोत्रांत गायलेली २७६ स्थळे मानतात. त्यांतली ६३ चोळ देशात कावेरीच्या उत्तर तीरावर आणि १२७ दक्षिण तीरावर आहेत. २७६ पैकी १९० एकाच नदीच्या दोन काठांवर. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी ४० याच चोळ देशात. तिरुवारूरचा रथ ९६ फूट उंच आणि ३०० टन वजनाचा. तिथले मंदिर पाच वेलींचे आणि समोरचे कमलालय तळेही पाच वेलींचे, असे लोक सांगतात. पाच वेली म्हणजे ३३ एकर. तळ्याचे क्षेत्रफळ आजही तेवढेच सांगितले जाते. याच तिरुवारूरमध्ये श्यामाशास्त्री १७६२ साली, त्यागराज १७६७ साली आणि त्यानंतर दशकाच्या आतच मुत्तुस्वामी दीक्षितर जन्मले. कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती एका गावात आणि एका पिढीत जन्माला आली.

२०११च्या जनगणनेत तंजावर जिल्ह्याची लोकसंख्या २४,०५,८९० होती. सुमारे ३,४०० चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सातशेवर माणसे आणि दर हजार पुरुषांमागे १,०३५ स्त्रिया. जुना तंजावर जिल्हा याहून फार मोठा होता. त्यातून १९९१ साली नागपट्टिणम वेगळा झाला. पुढे १९९७ साली तिरुवारूर जिल्हा झाला आणि २०२० साली नागपट्टिणममधून मयिलाडुदुरै निघाला.

चव्वेचाळीस

या लेखातला सर्वांत जड आकडा ४४ आहे.

तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात २५ डिसेंबर १९६८च्या रात्री शेतमजूर आणि त्यांची बायकामुले अशा ४४ दलितांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. मजूर मजुरीत वाढ मागत होते आणि संघटित झाले होते. खटल्यात आरोपी असलेले जमीनमालक पुढे उच्च न्यायालयातून सुटले. राजराजाच्या कारकुनांनी सारा बसवताना वजा केलेली परैयांची वस्ती आठवा. हजार वर्षांपूर्वी जमिनीचा बावन्न अब्जावा भाग लिहिला गेला आणि ती जमीन कसणाऱ्या हातांना मापभर धान्य जास्त देताना हात आखडला गेला. तंजावरच्या गणतीचे कौतुक करताना हा आकडा गाळणे मला खोटेपणाचे वाटते. मोजमापाने वैभव उभे राहते, पण मोजणारा कोण आणि मोजून कोणाला दिले जाते, यावर त्या वैभवाची किंमत ठरते.

मोडीतली १,३४२ गाठोडी

या हिशेबात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७५च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राशिवाय वारले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले. १८० वर्षे कावेरीच्या मुखाशी राज्याचे बरेच दप्तर मराठीत लिहिले जात होते. १६९३ साली व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी तिरुविसनल्लूर हे गाव ४६ पंडितांना वसवून दिले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०५ साली देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी त्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या आवाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला. मराठीतला सर्वांत लांब शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. चोळांनी जिथे जमीन आणि भात कोरला, तिथेच आपल्या लोकांनी आपली वंशकथा कोरली.

सरफोजीराजांच्या हाती तोवर राज्य उरले नव्हते. १७९९च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे राहिला किल्ला, वर्षाला एक लाख पागोडा नाणी आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. तरीही १८०१ साली त्यांनी कंपनीला पत्र लिहून रामेश्वरच्या वाटेवरच्या अन्नछत्रांसाठी भांडण मांडले. तिथे ब्राह्मणापासून परैयापर्यंत कोणाही वाटसरूला शिजवलेला भात मिळतो, आजाऱ्याला औषध मिळते, पोरक्या मुलांना सांभाळले जाते, ही व्यवस्था मोडू नका, असे त्यांचे म्हणणे होते. सारा बसवताना वजा झालेली माणसे या छत्राच्या पंगतीत धरली जात होती, म्हणून हे पत्र मला त्यांच्या साऱ्या ग्रंथसंग्रहाहून थोर वाटते.

तो संग्रह म्हणजे सरस्वती महाल. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांनी सुरू केलेल्या आणि सरफोजीराजांनी वाढवलेल्या या ग्रंथालयात आज सुमारे ४९,००० हस्तलिखिते आहेत. त्यांत मराठीची तीन हजारांवर. शिवाय मराठा राज्याच्या दप्तराची १,३४२ गाठोडी आहेत, मोडी लिपीत लिहिलेली. एकेका गाठोड्यात कागदांची चळत. राज्यकारभार, देवळे, छत्रे, दरबार यांचा जमाखर्च त्यांत आहे. हजार वर्षांपूर्वीच्या ४०० नर्तकींची घरे आपल्याला ठाऊक आहेत, कारण तो दगड कोणीतरी वाचला आणि छापला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या तंजावरची माणसे मात्र अजून बहुतांशी गाठोड्यांतच आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांपैकी काहींची तमिळ भाषांतरे करून छापली. आपल्या पूर्वजांनी लिहिलेले कागद वाचण्यासाठी तमिळ अभ्यासकांनी मोडी शिकून घेतली, हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात. चिकाटीने बसले तर काही महिन्यांत अक्षर डोळ्यांत बसू लागते. इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, शेतीच्या आणि पाणीवाटपाच्या विद्यार्थ्यांनी हे कष्ट घ्यावेत. विद्यापीठांनी तंजावरच्या दप्तरासाठी शिष्यवृत्त्या ठेवाव्यात. दरसाल चाळीस जणांनी प्रत्येकी एक गाठोडे नीट वाचून त्याची सूची केली, तर सगळे दप्तर चौतीस वर्षांत उलगडेल. कावेरीच्या लोकांनी केलेल्या गणतीपुढे हा हिशेब अगदी छोटा आहे. तो आपण करावा.